मंडईत पिशवी भरण्याआधी घरातले डबे उघडा. पावसाळ्यात जुना साठा असा संपवा

पुणे : आषाढ सरत आला की महात्मा फुले मंडईत पालेभाजीच्या जुड्या बारीक होतात आणि भाव मात्र वर जातो. वावरात पाणी साचलेलं असतं, मेथी-कोथिंबीर पिवळी पडते, ओला माल गाडीतच गरम होऊन काळा पडायला लागतो. मग तालुक्यातल्या घराघरांत एकच बोलणं सुरू होतं, "भाजी लई महाग झाली, करायचं काय?"

आणि त्याच घरात फडताळात अर्धा डबा मटकी असते. पाठीमागे हुलग्याची पिशवी असते, तिच्याकडे संक्रांतीपासून कुणी बघितलेलं नसतं. उन्हाळ्यात केलेले सांडगे पत्र्याच्या डब्यात असतात. फ्रीजरमध्ये थंडीत सोलून ठेवलेल्या वाटाण्याच्या दोन पिशव्या बर्फात रुतून बसलेल्या असतात. हे सगळं पैसे देऊन किंवा घाम गाळून घरात आलेलं आहे. ते तसंच ठेवून पिशवी घेऊन बाजार गाठायचा, म्हणजे एकाच जेवणाचे पैसे दोनदा मोजायचे.

पावसाळा हा खरं तर जुना साठा संपवायचा काळ आहे. खरिपाचा नवा मूग आणि उडीद भाद्रपदात काढणीला येतो, नवी बाजरी त्यानंतर. ते घरात येण्याआधी डबे रिकामे व्हायला हवेत. एक तर नवं धान्य ठेवायला जागा लागते, दुसरं म्हणजे जुन्यातली कीड नव्यात उतरते. शिवाय दमट हवेत जुनं धान्य फार दिवस तग धरत नाही. म्हणजे भाजी महाग असते त्याच दोन महिन्यांत घरातलं खाऊन संपवणं भाग असतं. जुन्या बायकांना हे गणित पाठ होतं. फ्रीज आला आणि ते थोडं विस्कटलं.

रोजची मंडई आणि आठवड्याचा बाजार

मंडईची दगडी अष्टकोनी इमारत १८८६ मध्ये सुरू झाली. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. गंमत अशी की, या इमारतीवरच्या खर्चाला नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनीच विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे पुरंदरचे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने मंडईला फुल्यांचंच नाव मिळालं. ठोक बाजार आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आहे, मंडईत किरकोळ विक्री चालते.

आसपासच्या पेठांतली माणसं पूर्वी मंडईतून रोजची भाजी रोज नेत. उरली तर ठेवायची कुठे? गावाकडे उलट होतं. आठवड्याच्या बाजारातून मोजकी भाजी यायची आणि बाकीचे दिवस कडधान्य, पीठ, वाळवण यांवर निघायचे. दोन्ही रिती आपापल्या जागी बरोबर होत्या. आता फ्रीज असल्यामुळे माणूस रोजची ताजी भाजी आठवड्याच्या मापाने घेतो. पुण्याला दवाखान्याच्या किंवा कोर्टाच्या कामाला आलेला माणूस स्वारगेटवरून एक स्टेशन मेट्रोने मंडईला उतरतो (हा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला), संध्याकाळी वाट्यावर लावलेला माल स्वस्त दिसतो म्हणून दोन पिशव्या भरतो आणि एसटीत बसतो. वाट्यावरची भाजी सकाळपासून हाताळलेली असते. ती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शिजवायची असते. तिसऱ्या दिवशी ती गोठ्यात जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की, २०२२ या वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून गेलं. हॉटेलं आणि दुकानं मिळूनही घरांएवढी नासाडी करत नाहीत. भारतासाठी घरातला अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे. यात साली, देठ, बियाही धरलेल्या आहेत हे खरं, आणि गावात बराच भाग गुरांच्या पुढे जातो. पण विकत आणलेली फ्लॉवर गाईला घालणं हा काही चाऱ्याचा स्वस्त प्रकार नाही.

अडतं कुठे? तर भिजवण्यात

घरात कडधान्य असून ते ताटात का येत नाही, याचं कारण आळस नाही. सकाळी सातला "आज काय करू?" हा प्रश्न पडतो तेव्हा मटकी कोरडीच असते. ती आदल्या रात्री भिजायला हवी होती, मोड हवे असतील तर त्याच्याही आदल्या दिवशी. डब्याची घाई असते, मग बटाटा नाही तर दुकानातली महाग भेंडी. फ्रीजरचंही तसंच. गोठलेलं मटण सकाळी आठवून उपयोग नसतो.

म्हणून जेवणाचं नियोजन म्हणजे आठवड्याचा मोठा तक्ता नाही. रात्री भांडी आवरताना एकच प्रश्न विचारायचा : उद्या आणि परवा काय शिजणार, आणि त्यासाठी आत्ता काय भिजवायचं किंवा वरच्या कप्प्यातून खाली काय काढायचं? एवढं झालं की निम्मं काम झालं. दुधाचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहितात, त्याच चौकटीत 'मटकी भिजव' एवढं लिहिलं तरी पुरतं.

याहून सोपी युक्ती म्हणजे एकदाच जास्त भिजवणं. अर्धा किलो मटकी किंवा मूग भिजवून मोड आणायचे, चाळणीवर दोन-तीन मिनिटं वाफ द्यायची, गार करून एका वेळेला लागेल तेवढ्या पिशव्या भरून गोठवायच्या. हरभरा, चवळी, घेवडा तर पूर्ण शिजवूनच गोठवता येतो. मग सकाळी पिशवी थेट फोडणीत. फ्रीजरचा गावातला खरा उपयोग हा आहे. त्यात आइस्क्रीम राहतं ते पाहुणे आले तर.

आधी बघायचं काय

एका रविवारी अर्धा तास काढून सगळे डबे खाली घ्यावेत. हे काम बाजाराला जाणाऱ्यानेही करावं. बहुतेक घरांत पिशवी एकजण भरतो आणि स्वयंपाक दुसरी करते. घरात तूर आहे की नाही हे पिशवीवाल्याला माहीत नसतं, आणि तिसऱ्यांदा तूरडाळ आणली म्हणून बोलणी मात्र तिला बसतात. फळ्यांचे आणि फ्रीजरचे मोबाईलवर दोन-तीन फोटो काढून ठेवले तरी मंडईत उभं राहून बघता येतं.

डबे बघताना 'किती आहे' यापेक्षा 'कशाला आधी हात लावायचा' ते ठरवायचं. बाजरीचं पीठ सगळ्यात आधी. बाजरीत तेलाचा अंश असल्यामुळे दळल्यावर आठ-दहा दिवसांत पीठ कडू होतं, पावसाळ्यात त्याआधीही. त्यामुळे बाजरी दाण्यातच ठेवायची, गिरणीतून थोडी थोडी दळून आणायची. शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं हेही खवट होतात, त्यांचा नंबर दुसरा. मग रवा आणि बेसन. रवा कोरडा भाजून ठेवला तर जाळी धरत नाही. डाळी आणि कडधान्यं त्यानंतर. तांदळाला घाई नाही, जुना तांदूळ उलट मोकळा शिजतो.

रेशनच्या तांदळाबद्दल एक सांगायलाच हवं. त्यात काही दाणे पिवळसर, वेगळे दिसतात, पाण्यात तरंगतात. ते प्लास्टिकचे आहेत असं समजून बऱ्याच घरांत निवडून टाकतात. ते लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून तांदळाच्या पिठापासूनच बनवलेले दाणे आहेत, साधारण शंभरात एक. ते टाकायचे नाहीत.

२०२२ च्या दिवाळीत सुरू झालेल्या 'आनंदाचा शिधा'मध्ये शंभर रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि तेल मिळालं, नंतरच्या काही सणांनाही मिळालं. साखर-तेल लगेच संपतं. डाळीची पुडी मागे राहते. तशी हरभरा डाळ घरात असेल तर भाजी महाग असताना तीच खरी कामाची. भिजवून वाटली डाळ होते, दुधी किंवा दोडका अर्धाच असला तर त्यात टाकून भाजी दुप्पट होते, भाजून दळली की पिठल्याचं पीठ.

जुनी मटकी किंवा हुलगे शिजत नसतील तर भिजवताना पाण्यात मीठ किंवा चिमूटभर खायचा सोडा टाकावा. तरी दाणा कडकच राहिला तर गॅस जाळत बसू नये, भाजून दळून आणावं. जुन्नर-आंबेगावकडे हुलग्याच्या पिठाची शेंगोळी पावसात आवडीने खातात, त्याला भाजीच लागत नाही. आणि चार डब्यांत मूठ-मूठ उरलेली ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद एकत्र भाजून धणे टाकून दळले की थालीपिठाची भाजणी होते. डबे रिकामे करायला भाजणीसारखा दुसरा उपाय नाही.

आषाढ-श्रावणाचा हिशोब

आपल्याकडे या महिन्यांचं नियोजन सणवारानेच ठरतं. दीप अमावस्येच्या आधी, ज्याला सगळे गटारी म्हणतात, कोंबडी-मटण जास्त येतं. उरलेलं फ्रीजरमध्ये जातं आणि श्रावण लागतो. पुढचा महिनाभर त्याला कुणी हात लावत नाही. इथे जरा सांभाळायला हवं. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुधा पुरेसा गार नसतो. काही फ्रीजवर कप्प्याच्या दारावर बर्फाच्या चांदण्या छापलेल्या असतात (वीजबचतीचे तारे वेगळे). एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, माल साधारण आठवडाभर. दोन म्हणजे उणे १२, महिनाभर. तीन म्हणजे उणे १८, तीन महिन्यांपर्यंत. खूण नसेल तर एक चांदणीच धरून चालावं. म्हणजे अशा कप्प्यात गटारीचं मटण गणपतीनंतर काढून खाणं धोक्याचं. जेवढं संपेल तेवढंच आणावं. सुकट-बोंबील असतील तर तेही आषाढातच संपवावेत, नाही तर घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवावेत.

श्रावणात सोमवार, शनिवार आणि मधले उपास धरले तर आठवड्यातल्या दोन-तीन वेळा तशाही भाजीशिवाय जातात. हे पिशवी भरताना कुणी मोजत नाही. सात दिवसांची भाजी येते आणि चार दिवसांची लागते.

उपासाच्या डब्यात मात्र 'जुनं आधी संपवा' हा नियम चालवू नका. भगर. उपासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या राज्यात पुन्हा पुन्हा येतात. दमट जागेत ठेवलेल्या भगरीवर बुरशी वाढते आणि डोळ्यांना ती दिसेलच असं नाही. वर्षाची राहिलेली, सुटी घेतलेली किंवा दळून पीठ करून ठेवलेली भगर टाकून द्यावी, आणि नवी बंद पाकिटातली, तारीख बघून, लागेल तेवढीच घ्यावी. बुरशी धरलेल्या शेंगदाण्याचंही तेच. त्या बुरशीचं विष भाजून किंवा शिजवून जात नाही. असे दाणे दुभत्या जनावरालाही घालू नयेत, ते विष दुधात उतरतं.

वाटाणा आणि वीज

पुरंदरचा वाटाणा पावसाळ्याच्या उत्तरार्धात यायला लागतो, थंडीत बाहेरचा माल आला की मंडईत भाव उतरतो आणि लोक पोतंभर घेऊन सोलत बसतात. शेंगांच्या वजनाच्या जेमतेम निम्मा दाणा हाती येतो. तो कच्चाच गोठवला तर काही आठवड्यांत चव आणि रंग जातो. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग फडक्यावर कोरडा करून पिशवीत पातळ थरात, आणि पिशवीवर महिना लिहून. एवढं केलं तरच तो टिकतो. मागच्या थंडीतल्या पिशव्या अजून असतील तर नवा वाटाणा घेण्याआधी त्या काढा. उसळीला चव कमी लागली तर खिचडीत, पुलावात, सामोशाच्या सारणात टाका.

वीज गेली की पहिला नियम, दार उघडून बघायचं नाही. बंद फ्रीजरमधला गारवा, तो गच्च भरलेला असेल तर सुमारे ४८ तास आणि अर्धा असेल तर २४ तास टिकतो. खालच्या कप्प्यात मात्र चार तासच. हे चांगल्या फ्रीजरचं माप आहे, छोट्या बर्फाच्या कप्प्याला त्याहून कमी धरावं. रिकामी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून गोठवून ठेवाव्यात. वादळात रात्रभर लाईट नसते आणि सकाळी आपल्याला सगळं गोठलेलंच दिसतं, कारण मध्ये वितळून ते पुन्हा गोठलेलं असतं. हे ओळखायला एका वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवावं. नाणं तळाला गेलं असेल तर मधे सगळं वितळलं होतं असं समजून मांस-मासळी टाकून द्यावी. नाणं वरच असेल तर काळजी नाही.

गोठलेलं काढताना ओट्यावर ठेवून वितळवू नये. रात्री खालच्या कप्प्यात ठेवलं की सकाळपर्यंत सुटतं. वाटाणा आणि वाफवलेली मटकी थेट कढईत चालते.

कीड लागलेल्या डाळीसाठीही फ्रीजर उपयोगी आहे. भुंग्यांची अंडी बऱ्याचदा शेतातूनच दाण्यासोबत येतात. डाळ हवाबंद पिशवीत घालून चांगल्या गार फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवली तर अंडी आणि अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाही तर डाळीला पाणी सुटतं. जास्त माल असेल तर आपली जुनीच रीत बरी, तूरडाळीला एरंडेलाचं बोट, कडधान्य राखेत. आणि रोजच्या वापराला छोटा डबा काढून घ्यावा. मोठी कोठी रोज उघडली की रोज दमट हवा आत जाते.

मग मंडईतून आणायचं काय

घरातलं बघून झालं की यादी आपोआप लहान होते. मटकीची उसळ, शेंगोळी, पिठलं, डाळ घातलेला दुधी, सांडग्यांची आमटी, वाटाणा घातलेली खिचडी, एका संध्याकाळी थालीपीठ. पाच माणसांच्या घराचा उपासासकट आठवडा यात निघतो. याला बाहेरून लागतं ते आलं, मिरची, कोथिंबीर, लिंबू, टोमॅटो, एखादा दुधी आणि दोन दिवस पुरेल एवढी पालेभाजी. सांडगे-आमटीत चिंच-गूळ पडतो, म्हणून टोमॅटोही कमीच घ्यावा. पालेभाजी आधी खायची, दुधी-भोपळा मागे ठेवायचा.

पिशवीतून घरी आलेली कोथिंबीर ओलीच फ्रीजमध्ये टाकू नये. मुळं कापून, फडक्यात कोरडी करून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवली तर आठवडा निघतो. मिरचीचे देठ काढून ठेवावेत. आलं-लसूण वाटून चमच्या-चमच्याने बर्फाच्या साच्यात गोठवलं तर सकाळची दहा मिनिटं वाचतात. श्रावणात लसूण न खाणाऱ्यांनी नुसतं आलं-मिरची वाटावं.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक गोष्ट घडते. आपलीच मेथी पहाटे गाडीत घालून मार्केट यार्डाला पाठवायची आणि चार दिवसांनी तीच जुडी गावातल्या हातगाडीवर कितीतरी जास्त भावाने घ्यायची. गाडी भरताना घरच्या दोन जुड्या बाजूला काढल्या तर पट्टीत फारसा फरक पडत नाही. भाव पडला म्हणून माल बांधावर टाकायची वेळ आली तर मेथी सावलीत वाळवून ठेवावी, आमटीत, ठेपल्यात वर्षभर चालते. टोमॅटो पडून असेल तर शिजवून, गाळून, पिशव्या भरून गोठवावा.

भाद्रपदात नवा मूग खळ्यावर आला की पहिले दोन-तीन दिवस तो उन्हात वाळवावा. दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. तोवर जुन्या मुगाचा डबा रिकामा झालेला असावा. उरलेली मूठभर वेगळ्या पिशवीत काढावी, जुन्यावर नवं ओतू नये. डबा गरम पाण्याने धुऊन, झाकण वेगळं करून, एक कडक ऊन मिळेपर्यंत पालथा ठेवावा.